बेंदऱ्याचे मास्तर

विष्णू कुंभार मास्तर चहाची बशी नेहमी उजव्या हातानं धरायचे. डावा हात मांडीवर, रुमालाखाली. सांगलीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी इतिहास. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती. तीन वर्षं मी त्यांच्याशेजारी बसून चहा प्यालो आणि तो रुमाल खडूच्या धुळीसाठी असेल असं समजत राहिलो. पानिपतावर कोण कुठं उभं होतं ते मला तोंडपाठ होतं, शेजारच्या खुर्चीवर काय चाललंय ते दिसत नव्हतं.

रुमालाखाली दोन बोटं होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं. ती किंचित आत वळली होती आणि त्या हातालाच ऊन, गार, टोचलेलं, काहीच कळत नव्हतं. मास्तरांना कुष्ठरोग होता. सत्तरीचं दशक संपत आलं होतं, गोळ्या निघाल्या होत्या, तरी आमच्याकडे लोक त्याला महारोग म्हणत आणि म्हणताना आवाज खाली नेत. हे फुटलं असतं तर मास्तरांची नोकरी गेली असती. पण खरी भीती वेगळीच होती. आष्ट्याला त्यांच्या घरी बेंदराचे, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याचे, मातीचे बैल आणि गणपती व्हायचे. आई, थोरला भाऊ, भावजय, तीन पोरं, सगळं घर त्या मातीवर जगत होतं. सुट्टीत मास्तरही कामाला बसत. ज्या घरात महारोग, त्या घरचा गणपती पंचक्रोशीत कुणी बसवला नसता. एवढं सगळं त्या एका रुमालाखाली होतं.

हे मला कळण्याआधी वर्षभर आम्ही दर रविवारी दुपारी एक खेळ खेळत होतो. मास्तर मला जे काही कळले ते त्या खेळातून कळले, म्हणून आधी तो खेळ सांगतो.

श्रीरंग गोखले हा माझा मित्र, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा, विश्रामबागेत राहायचा. त्याच्या अमेरिकेतल्या भावानं त्याला तीन पातळ पुस्तकं पाठवली. त्यात हा खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सांगायचं, ‘तुम्ही डोंगरातल्या एका भुयाराच्या तोंडाशी उभे आहात.’ बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं, कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी चोर, आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. थोडक्यात तोंडाला रंग न लावता, सतरंजीवर बसून केलेलं नाटक. सांगायचं काम श्रीरंगचं. मी लढवय्या, कारण आडनाव पवार. जिनपाल चौगुले एका दवाखान्यात कंपाउंडर होता, तो मांत्रिक. श्रीरंगची बायको, सुमनवहिनी, चोर झाल्या. शिस्तीत वाढलेली बाई, पण काय हात मारायची.

अडलं ते फाशांवर. पुस्तकात वीस बाजूंचा फासा लागतो असं लिहिलं होतं. सांगलीची सगळी पेठ पालथी घातली तरी असला फासा मिळेना. मी म्हटलं, आमचे चित्रकलेचे मास्तर जातीचे कुंभार आहेत, त्यांना विचारू. मास्तरांनी पुस्तकातलं चित्र पाहिलं, मान हलवली आणि पंधरा दिवसांनी भट्टीत भाजलेला फासा आणून दिला. तो एका बाजूला जरा जड होता, त्यामुळे सतरा फार पडायचे. श्रीरंगनं तक्रार केली तर म्हणाले, “माती हाय. तिचं बी कायतरी मत असतंया.”

मास्तरांचं बोलणं हे असंच. फळ्यावर शुद्ध लिहायचे, बोलायचे मात्र आष्ट्याचं. हेडमास्तरांनी एकदा टोकलं, तर शांतपणे म्हणाले, “आवं, रंगाला कुठं भाषा असती?” हेडमास्तर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

फासा द्यायला आले आणि बसले. श्रीरंगनं विचारलं, “खेळणार का? कोण होणार तुम्ही?”

“माणूसच व्हायला पायजे का?”

“तसं नाही. यात बुटके आहेत, रानात राहणारे आहेत...”

“त्ये बी माणसंच की. मातीचा कोन हाय का?”

श्रीरंगनं पानं उलटली. मंत्रानं हलणारे पुतळे पुस्तकात होते, दगडाचे, लोखंडाचे, मातीचेही. पण ते खजिना राखायला ठेवलेले, खेळणाऱ्यांनी त्यांच्याशी लढायचं. खेळणाऱ्यानंच पुतळा व्हायचं असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

“नसू दे,” मास्तर म्हणाले. “ह्या जिनपालनी मला मातीतनं उठवलं असं धरा. मंत्र म्हनले, मी उठलो. गणपतीत जीव घालतावच की आपन.”

नाव ठेवलं बेंदऱ्या. श्रीरंग नियमाचा माणूस. त्यानं वहीत लिहून काढलं: पुतळ्याला भूक नाही, झोप नाही, दुखणं नाही, आणि ज्यानं उठवलं त्याचा हुकूम शब्दाला शब्द पाळायचा. मास्तरांनी ते नियम असे काही पाळले की आमच्या नाकी नऊ आले. एकदा आमच्या पाठीवर राक्षस लागले होते. जिनपाल ओरडला, “बेंदऱ्या, दारात थांब.” आम्ही पळालो. कधीपर्यंत थांब ते जिनपाल सांगायला विसरला. पुढच्या रविवारी आम्ही दुसऱ्याच डोंगरात. मास्तर आले, सतरंजीवर बसले, आणि त्यांची पाळी आली की म्हणायचे, “थांबलोय.” अख्खी दुपार एवढंच. त्याच्या पुढच्या रविवारीही सांगलीवाडीच्या आपल्या खोलीवरून सायकल मारत आले आणि “थांबलोय” म्हणून गेले. तिसऱ्या रविवारी वहिनींनाच राहवेना, त्यांनी सगळ्यांना मागं फिरवून बेंदऱ्याला आणायला लावलं. मास्तर तेव्हा हसले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना आणायला कुणी मागं फिरलं याचं त्यांना फार वाटलं असणार.

दुसरी खोड मुक्कामाची. श्रीरंग म्हणायचा, “रात्र झाली, तुम्ही झोपलात, उजाडलं.” मास्तर हात वर करायचे.

“थांबा. बेंदऱ्या आंग बघतोय.”

मग सगळं सावकाश. उजवा तळवा, डावा तळवा, टाचा, बोटांच्या बेचक्या. कुठं काटा रुतलाय का, तडा गेलाय का, प्रत्येक वेळी फासा टाकून बघायला लावायचे. एकदा वहिनी म्हणाल्या, “मास्तर, पुतळ्याचे एवढे लाड?”

“वहिनी, तुमाला काटा बोचला की तुमी वरडता. त्येला वरडायचं ठावं न्हाई. म्हून रोज बघाय लागतंय.”

आम्ही हसलो. मी तर जरा जास्तच हसलो.

भुयारात एक धगधगती भट्टी लागली, तिच्यात किल्ली. माझ्या लढवय्याचं धाडस होईना. बेंदऱ्यानं खुशाल हात घातला आणि किल्ली काढली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी श्रीरंगला विचारलं, “किती बोटं ऱ्हायली?”

“सगळी. मातीला आगीचं काही होत नाही, पुस्तकात आहे.”

“पुस्तकाला काय म्हायती. दुखलं न्हाई म्हंजे मोडलं न्हाई, असं नसतंया. टाका फासा.”

श्रीरंगनं टाकला. बेंदऱ्याची दोन बोटं गेली. मास्तरांनी मान डोलावली, समाधान झाल्यासारखी. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आयती मिळालेली ताकद कुणी अशी वाया घालवतं का, असं वाटलं.

त्यानंतर महिनाभरात चहाची एक गोष्ट झाली. वहिनी खेळात रंगल्या होत्या, आत पातेल्यातला चहा वर आला. मास्तर दाराजवळ होते, ते धावले आणि पातेलं दोन्ही हातांनी काठाला धरून उचललं. उजवा हात चटका बसून लगेच मागं आला. डावा तसाच राहिला. एका हातावर ते उकळतं पातेलं तिरकं झालं, आणि मास्तर त्या हाताकडं असे पाहत होते की तो दुसऱ्या कुणाचा असावा. मग भानावर येऊन त्यांनी पातेलं ठेवलं आणि रुमाल गुंडाळला. “काय न्हाई, काय न्हाई,” म्हणाले. वहिनींनी बर्नॉल शोधलं. श्रीरंग फासे मोजत होता. जिनपालनं मात्र पाहिलं होतं, आणि जिनपालला पाहताना मी पाहिलं.

पंधरा दिवसांनी मी साताऱ्याला गेलो. माझी बहीण तिथं सरकारी दवाखान्यात बाळंत झाली होती. तिचा डबा घेऊन मागच्या अंगणातून जात होतो, तर एका वेगळ्या खोलीपुढं रांग होती. रांगेत मास्तर.

त्यांनीही मला पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं, मीही ते मानून घेतलं असतं. ते रांगेतून बाहेर आले, लिंबाच्या पारावर बसले आणि रुमाल काढून हात मांडीवर उताणा ठेवला. मी पहिल्यांदाच तो हात जवळून पाहिला. भाजल्याची जखम अजून ओली होती.

“कुणाकुणाला माहीत आहे?” मी विचारलं.

“डाक्तर. मी. आता तुमी.”

“घरी?”

“आईनं हात बघितलाय. इचारलं न्हाई. इचारलं तर मला सांगाय लागंल, म्हून इचारत न्हाई ती.”

“एवढ्या लांब कशाला येता? सांगलीत काय कमी...”

“सांगलीत माझी शाळंतली पोरं हायत, पवार सर. कुठल्या बी रांगंत एक सापडतंया.” मग म्हणाले, “डाक्तर म्हनतोय गोळ्या चालू हायत, आता माझ्यापासनं कुणाला लागत न्हाई. फकस्त जे गेलं त्ये परत येत न्हाई. रोज आंग बघायचं. त्येनंच शिकवलंय.”

मला बेंदऱ्याचे ते मुक्काम आठवले. खेळात तेच सोंग का घेतलं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. मास्तरांनी रुमाल पुन्हा हाताला गुंडाळला.

“आठवडाभर ज्याची धास्ती, त्येचं रविवारी कौतिक व्हायचं,” म्हणाले. “दुखत न्हाई म्हून टाळ्या पडायच्या. बरं वाटायचं वो.”

त्यांनी समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. ग्लास पारावर आले. मी माझा ग्लास चार बोटं बाजूला सरकवला. का सरकवला, सांगता येणार नाही. डॉक्टर काय म्हणाला ते मी नुकतंच ऐकलं होतं. मास्तरांनी ते पाहिलं आणि दुसरीकडं बघत आपला चहा संपवला. मी कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली. तेवढी मात्र पाळली.

पुढच्या रविवारी मी पाय ओढत विश्रामबागेत गेलो. मास्तर आले होते, रुमाल जागेवर. जिनपालचा एक हात सारखा खिशात. खेळ सुरू झाला, आम्ही भुयारातल्या एका काळोख्या खोलीत अडकलो. जिनपालनं खिशातून कापसाचा एक बोळा काढला, त्याची वात वळली आणि म्हणाला, “मांत्रिकाचा हुकूम. बेंदऱ्या, डोळे मीट. मी शिवेन तिथं बोट ठेव.”

“वा, हे नवीनच,” श्रीरंग खूश झाला.

कंपाउंडर होता जिनपाल, महारोगाची असली तपासणी त्यानं डॉक्टरांना करताना पाहिलेली असणार. मास्तर जागेवरून उठतील असं वाटलं. ते उठले नाहीत, त्यांनी डोळे मिटले. जिनपालनं हलकेच रुमाल बाजूला केला आणि त्यांच्या उजव्या मनगटाला कापूस लावला. मास्तर हलले नाहीत. डाव्या मनगटाला लावला, करंगळीला लावला. हलले नाहीत. गालाला लावला. तरी नाहीत. वहिनींनी हातातलं विणकाम खाली ठेवलं होतं. मी श्रीरंगकडं पाहत होतो, त्याला कळतंय का ते शोधत.

“बेंदऱ्याला कळत न्हाई,” मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. “मातीला शिवल्यालं कळतंय व्हय? हुकूम चुकला, मांत्रिक.”

श्रीरंग खो खो हसला. “बरोबर आहे. नियमानं अगदी बरोबर.” वहिनीही हसल्या. मास्तर सुटले होते, आणि सुटले होते त्याच सोंगाच्या आडून.

पण जिनपाल हसत नव्हता. तो कापूस चुरगाळत म्हणाला, “मास्तर, दवाखान्यात लोक लई उशिरा येतात. बोटं झडल्यावर येतात. म्हणून बघितलं. राग मानू नका.”

मास्तरांनी डोळे उघडले. जिनपालच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. मास्तरांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेकदा पाहिलं. त्यांनी ‘चला, खेळ पुढं न्या’ एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. श्रीरंगला काही कळलं नव्हतं, जिनपालनं आणखी विचारलं नसतं.

“तुमी बेंदऱ्याला इचारलंत,” ते म्हणाले. “मास्तरला इचारा की. मास्तर सांगतोय.”

आणि सांगितलं सगळं, साताऱ्यासकट. हेही सांगितलं की घरच्या गणपतीचं काय होईल ते तुमच्या हातात आहे. शेवटी म्हणाले, “दोन तास हितं येतो तवा बरं वाटतंया. चोरून बसल्यागत बसायचं न्हाई आता.” त्यांनी पैजच लावली होती आमच्यावर. दाराशी उभ्या राहिलेल्या पुतळ्याला आणायला जी माणसं मागं फिरली, ती ही, असं त्यांना वाटलं होतं.

श्रीरंग म्हणाला, “अहो, त्यात काय.” जिनपाल म्हणाला, “गोळी एक दिवस चुकवू नका.” वहिनींनी कपबशा उचलल्या. चार एकदम उचलल्या, पाचवी मागाहून, पदरानं. त्या वाईट बाई नव्हत्या. मास्तर तेव्हा चपला घालत होते.

पुढच्या रविवारी श्रीरंगकडं पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला पेपर तपासायचे होते. मग कुणी विचारलंच नाही. शाळेत मी चहाला सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर जाऊ लागलो, खोली रिकामी होईल अशा बेतानं. मास्तरांनी एकदाही विचारलं नाही. आम्ही चौघांनी ते गुपित मात्र प्राणापलीकडं जपलं, आणि ते जपणं म्हणजेच मैत्री अशी स्वतःची समजूत घातली. जिनपाल तेवढा अधूनमधून त्यांच्या खोलीवर जायचा, जखमेची पट्टी बदलायला. ते त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

वर्षानं मला कऱ्हाडला नोकरी मिळाली, मी शेजारच्या मलकापूरला आमच्या घरी राहायला आलो. मास्तरांनी शाळा सोडून आष्टा गाठल्याचं ऐकलं. त्याला दोनेक वर्षं झाल्यावर, गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, बायकोला म्हटलं, यंदा गणपती मी आष्ट्याहून आणतो. तिला वाटलं कुणी स्वस्तात देणारा भेटला.

कुंभारांचं अंगण माणसांनी भरलं होतं. टोप्या घातलेले बाप्ये, हातात ताटं, ताटांत हळदकुंकू. म्हणजे गावाला काही कळलं नव्हतं. घर उभं होतं. मला पाहिलं आणि मास्तरांचा चेहरा आवळला. ते गर्दीतून वाट काढत जवळ आले, पण दोन हात अंतरावर थांबले.

“सर. काय निरोप?”

“निरोप नाही. गणपती न्यायला आलोय.”

त्यांना ते खरं वाटायला वेळ लागला. मग त्यांनी फळीवरचा एक निवडला. हवा ओली होती. त्यांनी मूर्ती उजव्या हातावर तोलून फिरवली आणि तिच्या पाठीला आपला गाल टेकवून क्षणभर उभे राहिले. “वलं का वाळलं, डाव्या बोटांला कळत न्हाई,” हळूच म्हणाले. “गालाला कळतंय.” मग ती मूर्ती त्यांनी माझ्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली, दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, “घ्या.”

त्या अंगणात मला एकट्यालाच माहीत होतं. म्हणून मला एकट्यालाच त्यांनी तशी दिली. मी वाकलो आणि ओट्यावरून मूर्ती उचलली. ‘हातात द्या की, मास्तर,’ हे मला सुचलं ते इस्लामपूरला गाडी बदलताना. माझ्या तोंडात मारावीशी वाटली मला, पण दोन्ही हातांत गणपती होता.

फाटकाशी पोचल्यावर मी एकदा मागं पाहिलं होतं. माझ्यानंतरचा एक म्हातारा शेतकरी ओंजळ पुढं करून उभा होता. मास्तरांनी मूर्ती त्याच्या ओंजळीत ठेवली आणि त्याच्या हातांखाली आपले दोन्ही हात धरले.

“सोडू का?” त्यांनी विचारलं.

म्हातारा तोल सावरत होता. तो ‘सोडा’ म्हणेपर्यंत मास्तरांनी हात काढले नाहीत.